नकाशांतील रेषा आणि खोऱ्यांतील शेत

कोयनेचें खोरें ज्यांनीं पायीं तुडविलें आहे, त्यांस तेथील मोजणी किती कष्टाची हें निराळें सांगावयास नको. महाबळेश्वरीं उगम पावून ही नदी सह्याद्रीस समांतर अशी दक्षिणेस सुमारें ६५ किलोमीटर वाहते, हेळवाकजवळ पूर्वेस वळते व कऱ्हाडास कृष्णेस मिळते. दोन्ही अंगांस उभे डोंगर व दाट रान. अशा ठिकाणच्या नकाशाचा शेतकऱ्याशीं संबंध काय, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गांवचा नकाशा शेताची लांबीरुंदी दाखवितो. उंची दाखवीत नाहीं. ती समोच्च रेषांवरून कळते. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीचीं स्थळें जोडणारी रेषा ती समोच्च रेषा. रेषा दाटल्या तेथें चढ उभा. विरळ तेथें जमीन सपाट.

पूर्वीं मोजणीदार डोंगरमाथ्यावर यंत्र मांडून कोन घेत. दृष्टी पोंचावी म्हणून झाडें तोडावीं लागत. पुढें विमानांतून छायाचित्रें घेऊं लागले. परंतु दाट रानांत छायाचित्रास झाडांचे शेंडे दिसतात, जमीन नव्हे. आतां विमानांतून लेसर किरण सोडतात. त्यांतील कांहीं पानांच्या फटींतून जमिनीस लागून परततात, व त्या वेळेवरून उंची निघते. तथापि पालवी अति दाट असेल तेथें चूक राहूं शकते.

हा केवळ विद्वानांचा विषय नव्हे. कोयना धरण पूर्ण भरलें म्हणजे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारें ६५९ मीटरांवर येतें. ही पाण्याची कड म्हणजे एक समोच्च रेषाच होय! तिच्या खालचीं गांवें व भातखाचरें १९६० च्या दशकांत शिवसागर जलाशयांत बुडालीं.

आतां हिशेब पाहा. उभ्या कड्यावर उंचींत एक मीटर चूक झाली तरी रेषा फारशी हलत नाहीं. परंतु पन्नासास एक अशा मंद उतारावर तीच चूक रेषेस ५० मीटर सरकविते. आणि शेती असते ती मंद उतारावरच! भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकांत सामान्यतः दर २० मीटर उंचीस एक रेषा असते. तेवढ्यावरून कोणाचें खाचर बुडेल हें ठरवितां येणार नाहीं.

म्हणून आमच्या शेतकरी बंधूंस इतकेंच सुचवावयाचें कीं, गांवाजवळ तलाव वा धरण योजिलें असेल, तर पाण्याची रेषा कागदावर पाहून थांबूं नये. ती प्रत्यक्ष शिवारांत खुंट्या ठोकून दाखवावी, असा आग्रह धरावा. व त्या रेषेवरून सर्व गांवानें एकदां चालून यावें.