रक्तावरचा आळ

कुष्ठरोगाला आपल्याकडचा जुना शब्द रक्तपिती. रक्त बिघडलं की अंगावर चट्टे उठतात, असा त्यामागचा समज. १८७३ साली नॉर्वेच्या हान्सेनने जंतू दाखवला आणि रक्त निर्दोष सुटलं. नंतर मात्र त्याला पुन्हा पिंजऱ्यात उभं राहावं लागलं, कलम तेवढं बदललं.

जपानच्या मित्सुदाने १९१९मध्ये मेलेले जंतू त्वचेत टोचून पाहिले. तीन-चार आठवड्यांनी गाठ आली, तर त्या शरीरात लढण्याची ताकद आहे असं समजायचं. गाठ असे रक्तातून धावून आलेल्या पांढऱ्या पेशींची. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांनी कोवळ्या चट्ट्यांचे तुकडे तपासत नसांमधल्या जंतूंचा माग काढला, डॉ. कमल रणदिवे यांच्या गटाने याच पांढऱ्या पेशींना जागं करणाऱ्या लशीसाठी जंतू वाढवले.

पण जाग्या झालेल्या पेशी घरही पाडतात. एका प्रकारात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी नसेत शिरल्या की नस सुजते. तिच्याभोवतीचं आवरण ताणलं जात नाही, मग ती आतल्या आत चेपते. दुसऱ्या प्रकारात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी गोळा होतात, ताप येतो, दुखऱ्या लाल गाठी उठतात. या दोन्ही प्रकारांना रिअॅक्शन म्हणतात. बोटं वाकडी होतात ती बऱ्याचदा या लढाईत.

१९८२पासून बहुविध औषधोपचार आला, डिसेंबर २००५मध्ये देशाने निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर केलं. पालघरच्या पाड्यांना ती बातमी फारशी लागू पडली नाही. इथे नवे रुग्ण सापडतच राहिले.

इथलंच गंजाड हे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं गाव. बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाची केसाएवढी रेघ ओढायची, तर बोटांत जीव हवा. कोपराजवळची नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आखडतं, चिमटीतला जोर जातो.

गोची अशी की रिअॅक्शन पुष्कळदा गोळ्या सुरू झाल्यावरच उठते. माणूस म्हणतो, औषधानेच बिघडलं, आणि पाकीट आढ्याला खोचून ठेवतो. त्याला दोष कसा द्यायचा? त्या गोळ्यांतल्या डॅप्सोनने काहींच्या रक्तातल्या तांबड्या पेशी खरोखरच फुटतात, जी-सिक्स-पी-डी हे एन्झाइम कमी असलेल्यांच्या तर फारच. म्हणून आशाताईंना दोन्ही बघावं लागतं: डोळे पिवळे, चेहरा फिका पडलाय का, आणि करंगळी सरळ होते का. नस दुखत असेल तर सूज उतरवणाऱ्या प्रेडनिसोलोनसाठी दवाखाना त्याच आठवड्यात गाठायचा, भातलावणी असली तरी.