रेडिओची खरखर आणि आजीची डोकेदुखी



यवतमाळ जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत नागपूर केंद्र ऐकण्याची संवय फार जुनी आहे. तें केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें, आणि मध्यम लहरींवरील ५८५ किलोहर्ट्झ हा त्याचा आंकडा कित्येक वडीलधाऱ्यांना पाठ असतो. समजा, अशाच एका घरांत सायंकाळीं हवामानाचें निवेदन चाललें आहे. उद्यां कपाशीवर फवारणी करावी कीं नाहीं, हें त्यावर ठरावयाचें आहे. इतक्यांत सून दिवा लावते, नातू फोन चार्जरला जोडतो, आणि निवेदकाचा आवाज खरखरींत बुडून जातो. आजोबा रेडिओवर थाप मारतात. आजी म्हणते, "या यंत्रांमुळेंच माझें डोकें दुखतें. रेडिओला कळतें, तें तुम्हांला कळत नाहीं!"

आजीच्या या बोलण्यांत दोन प्रश्न गुंतलेले आहेत. रेडिओ कां खरखरतो, हा पहिला. आणि त्याच कारणानें डोकें दुखतें काय, हा दुसरा. ते वेगळे करून पाहूं.

घरांत येणारा विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनें करतो. रेडिओच्या दृष्टीनें ही गति अतिशय मंद आहे. परंतु एल.ई.डी. दिवा किंवा चार्जर हा प्रवाह जसाच्या तसा वापरीत नाहीं. त्याच्या पोटांतील एक सूक्ष्म कळ तो प्रवाह सेकंदाला हजारों वेळां जोडते व तोडते; पुष्कळ चार्जरांत हा वेग ६५ हजारांच्या आसपास असतो. असा एकदम तुटणारा प्रवाह आपल्या मूळ वेगाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वेगांच्या लहरीही उत्पन्न करतो. आतां ६५ ला ९ नें गुणून पाहा. उत्तर ५८५ येतें, म्हणजे नेमकी नागपूर केंद्राचीच जागा! चांगल्या बनावटीच्या उपकरणांत हा उपद्रव आंतल्या आंत जिरविण्याची योजना केलेली असते. अति स्वस्त मालांत बहुधा तीच वगळलेली असते, आणि मग घरांतील तारा या उपद्रवाची एरियल होऊन बसतात.

मिक्सरच्या मोटारींत ठिणग्या पडतात, त्यांचाही असाच त्रास होतो. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं शेताच्या कुंपणाला झटका मशीन लावतात. त्याचा ठोका साधारणपणें सेकंदाला एक पडतो. कुंपणाची तार गवताला किंवा ओल्या खांबाला टेकून ठिणगी पडत असली, म्हणजे जवळच्या रेडिओंत "टक् टक्" असा आवाज स्पष्ट ऐकूं येतो. मृगाच्या सुमारास वीज चमकते तेव्हांचा कडकडाट तर निसर्गाचाच आहे.

मात्र त्याच घरांत यवतमाळ आकाशवाणीचें एफ.एम. केंद्र लावलें, तर खरखर बहुतेक नाहींशी होते. मध्यम लहरींवर आवाज लहरीच्या उंचीच्या चढउतारांत सांठविलेला असतो, आणि खरखरही ती उंचीच बिघडविते. एफ.एम. मध्यें आवाज लहरीच्या वेगाच्या बदलांत असतो. उंचीची गडबड रेडिओला छाटून टाकतां येते.

उपद्रवी उपकरण शोधणें कठीण नाहीं. सेलवर चालणारा रेडिओ घ्या. घराचा मुख्य स्विच बंद करा. खरखर थांबली, तर मूळ घरांतच आहे. पुन्हां वीज सुरू करून एकेक उपकरण चालू करीत जा. दोषी आपोआप बोलूं लागेल. मग रेडिओ त्यापासून दूर न्या, थोडा फिरवून ठेवा, किंवा तें उपकरणच बदला.

आतां आजीकडे वळूं. रेडिओला कळतें, हें तिचें म्हणणें खरें आहे. पण रेडिओ मुद्दामच हळवा बनविलेला असतो. दूरच्या केंद्राची अतिक्षीण लहर पकडून तो ती कित्येक हजारपट वाढवितो. तो खरखरला म्हणजे त्याचा कान तीक्ष्ण आहे, एवढेंच सिद्ध होतें. शरीराला इजा झाली, असें सिद्ध होत नाहीं.

तरी आजीसारखी तक्रार जगांत अनेकांची आहे. डोकेदुखी, निद्रानाश, थकवा, त्वचेची आग. याची कसोटी शास्त्रज्ञांनीं अशी घेतली. लहरी चालू आहेत कीं बंद, हें रुग्णाला ठाऊक नाहीं, आणि पुष्कळदां समोरच्या परीक्षकालाही नाहीं. सन २००५ मध्यें अशा ३१ प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत अशी तक्रार असलेल्या ७२५ व्यक्ति होत्या. लहरींचें अस्तित्व त्यांना ओळखतां येतें, असा भक्कम पुरावा मिळाला नाहीं. लहरी बंद असतांनाही, त्या चालू असाव्या अशा समजुतीनें, त्रास होत असे. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलें कीं, हा त्रास खरा आहे, क्वचित् असह्यही असतो. परंतु त्याचा विद्युच्चुंबकीय लहरींशीं संबंध जोडण्यास शास्त्रीय आधार नाहीं. भारतानें १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश ठेविली, हेंही सांगितलें पाहिजे.

मग आजी खोटें बोलते काय? मुळींच नाहीं. दुखणें खरें, फक्त आरोपी चुकीचा असूं शकेल. कदाचित् दिवाच दोषी असेल, पण निराळ्या रीतीनें: कांहीं हलके दिवे सेकंदाला शंभर वेळां लुकलुकतात, आणि डोळ्यांना जाणवलें नाहीं तरी त्यामुळें कित्येकांचें डोकें दुखतें. दिवा बदलून पाहावा. उपकरणाला हात लावतांच मुंग्या येत असतील, तर अर्थिंग तपासून घ्यावें. तो धोका प्रत्यक्ष जिवाचा आहे. रक्तदाब आणि रक्तांतील हिमोग्लोबिनही पाहावें.

आणि आपल्या जिल्ह्याला एक गोष्ट विसरतां येणार नाहीं. सन २०१७ च्या हंगामांत फवारणीच्या विषबाधेनें येथें वीसहून अधिक माणसें दगावलीं व शेंकडों आजारी पडलीं. डोकें दुखणें, भोवळ, मळमळ, डोळ्यांची आग हीं त्या विषाचींही लक्षणें आहेत. शेतांतून आलेल्या माणसाला असें होऊं लागलें आणि घरच्यांनीं टॉवरला दोष देत रात्र काढली, तर उपचाराची वेळ निघून जाईल.

तेव्हां रेडिओ खरखरला, तर उपकरण शोधा. माणूस कण्हूं लागला, तर त्याला डॉक्टरकडे न्या. रेडिओची साक्ष रेडिओपुरती खरी आहे. आजीच्या डोकेदुखीचा निवाडा तिच्यावरून करूं नका.