काळ्या सांडपाण्यातला हायड्रोजन

ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांना स्पेंटवॉशची ओळख करून द्यावी लागत नाही. वाऱ्याबरोबर ती आपोआप होते. मळी आंबवून अल्कोहोल काढताना लिटरमागे साधारण 8 ते 15 लिटर हे गडद तपकिरी, आंबट पाणी उरतं. ते नदीत गेलं की त्यातली सेंद्रिय द्रव्यं कुजताना पाण्यातला प्राणवायू फस्त करतात आणि मासे मरतात. काही जीवाणूंसाठी मात्र हीच द्रव्यं मेजवानी.

1949 मध्ये हॉवर्ड गेस्ट आणि मार्टिन केमेन (कार्बन-14 शोधणाऱ्यांपैकी एक) यांना ऱ्होडोस्पिरिलम रुब्रम हा जांभळट जीवाणू उजेडात हायड्रोजन सोडताना आढळला. हा जीवाणू झाडांसारखा पाण्याचं विघटन करत नाही. इलेक्ट्रॉन सेंद्रिय आम्लांतून घेतो, ऊर्जा प्रकाशातून. त्याचं नायट्रोजिनेज हे विकर खरं तर नायट्रोजन स्थिरीकरणासाठी असतं. नायट्रोजनच मिळेना, तर ते नुसता हायड्रोजन बनवत बसतं. मोठं नखरेल विकर! प्राणवायू लागला की निकामी होतं, अमोनिया वाढला की जीवाणूच त्याचं काम थांबवतो.

जांभळ्या जीवाणूंना सेंद्रिय आम्लं हवीत, म्हणून कामाची वाटणी करतात. आधी अंधारात आंबवणारे जीवाणू ग्लुकोजच्या एका रेणूपासून जास्तीत जास्त 4 रेणू हायड्रोजन काढतात आणि ॲसिटिक आम्ल मागे ठेवतात. त्या आम्लातून जांभळे जीवाणू आणखी 8 काढू शकतात. कागदावर एकूण 12.

प्रत्यक्षात? चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने डिस्टिलरीच्या सांडपाण्यावर 100 घनमीटरच्या टाकीत प्रयोग केला. तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन जीवाणूंच्या मिश्रणात ऱ्होडोस्यूडोमोनास पॅलुस्ट्रिस हा जांभळा गडीही होता. 40 तासांत 21.38 किलो हायड्रोजन मिळाला, ग्लुकोजच्या रेणूमागे सरासरी 2.76 रेणू. ऊर्जेच्या हिशेबात हे साधारण 70 लिटर डिझेल. एवढ्या मोठ्या टाकीसाठी वाईट नाही, पण 12 पासून बरंच दूर.

प्रकाशाचा टप्पा अडतो तो रंगापाशी. मेलॅनॉइडिन नावाची तपकिरी द्रव्यं उजेड वरच्या थरातच गिळतात. पाणी घालून रंग फिका करावा, तर दुष्काळी तालुक्यात ते आणायचं कुठून? पातळ, पारदर्शक टाक्या उभारल्या तर जागा आणि खर्च दोन्ही वाढतात. जांभळे जीवाणू डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही वापरतात आणि तिथे मेलॅनॉइडिनचा अडथळा कमी असतो, एवढीच जमेची बाजू. शिवाय त्यांची गाठ मिथेनशी आहे. कितीतरी डिस्टिलऱ्या याच स्पेंटवॉशपासून बायोगॅस करून बॉयलरला देतात, आणि मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना उजेड लागतच नाही.