टर्मिनल पटलावरील दृश्यदोष
केवळ अक्षरे व चिन्हे वापरून चालणाऱ्या संगणकीय आज्ञावलीचा मजकूर टर्मिनलाच्या किंवा कन्सोलच्या पटलावर योजल्याप्रमाणे न उमटता विकृत स्वरूपात दिसणे, यास दृश्यदोष म्हणतात. रंगांऐवजी निरर्थक चिन्हांची माळ दिसणे, चौकटींच्या रेषा तुटणे, रकाने सरकणे, पटल लुकलुकणे व जोडाक्षरे विस्कटणे हे त्याचे नेहमीचे प्रकार होत. बहुधा दोष आज्ञावलीच्या गणितात नसतो; आज्ञावली, प्रचालन प्रणाली व पटल यांनी एकाच संकेताचे निरनिराळे अर्थ लावल्यामुळे तो उद्भवतो. तथापि त्याचा परिणाम केवळ शोभेपुरता राहत नाही. हिशेबाच्या तक्त्यात रक्कम एक रकाना सरकली, तर आकडे बरोबर असूनही वाचन चुकते.

पटल सामान्यतः ८० स्तंभ व २४ किंवा २५ ओळी अशा घरांत विभागलेले असते. अक्षर कोणत्या घरात व कोणत्या रंगात उमटवावयाचे, हे सांगण्यासाठी मजकुरातच ‘एस्केप’ या चिन्हाने (संकेतांक २७) आरंभ होणारे नियंत्रक संकेत पाठविले जातात. प्रारंभी प्रत्येक निर्मात्याचे संकेत वेगळे होते. १९७६ मधील एक्मा–४८ हे मानक आणि १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने आणलेले व्हीटी–१०० हे टर्मिनल यांमुळे त्यांत बरीच एकवाक्यता आली. युनिक्स प्रणालीत टर्मकॅप व नंतर टर्मइन्फो या कोष्टकांत प्रत्येक टर्मिनलाचे गुणधर्म नोंदविलेले असत; टर्मिनलाचे नाव चुकीचे दिले गेले की पटल बिघडलेच. प्रति सेकंद १२० अक्षरे वाहणाऱ्या तारेवरून १,९२० घरांचे पटल पुन्हा भरण्यास १६ सेकंद लागत. म्हणून ‘कर्सेस’ हा आज्ञावलीसंच आधीच्या व नव्या चित्राची तुलना करून बदललेली घरेच पाठवी. पटलावर प्रत्यक्षात काय आहे याचा त्याचा अंदाज चुकल्यास मात्र जुन्या मजकुराचे अवशेष तसेच राहत.

एमएस–डॉस प्रणालीत हे संकेत उलगडण्याचे काम ‘अँसी.सिस’ हा स्वतंत्र चालक करी. तो बसविलेला नसल्यास एस्केप चिन्ह डाव्या बाणाच्या रूपात उमटे व त्यामागे कंस, आकडे व अक्षरे यांची रांग लागे. बसविणेही सर्वस्वी निर्धोक नव्हते : या चालकाद्वारे कळफलकावरील कळींचे अर्थ बदलता येत असल्याने, एखादी मजकूर-फाइल नुसती पटलावर दाखविल्यानेही एखाद्या कळीला फायली पुसण्याची आज्ञा जोडली जाऊ शके. वेगासाठी अनेक आज्ञावल्या चालकाला वगळून थेट दृश्यस्मृतीत लिहीत. आयबीएमच्या १९८१ मधील रंगीत दृश्यपत्रिकेवर (सीजीए) ८० स्तंभांच्या पद्धतीत असे लेखन भलत्या क्षणी झाल्यास पटलभर हिमकणांसारखे ठिपके चमकत. ते टाळण्यासाठी किरण परत फिरेपर्यंत थांबावे लागे.

चौकटी तुटण्याचे मूळ संकेतपृष्ठांत असते. संकेतपृष्ठ ४३७ मध्ये १९६ हा अंक आडव्या रेषेचा आहे. विंडोजच्या १२५२ या पृष्ठात तोच अंक वर दोन टिंबे असलेल्या रोमन ‘ए’चा आहे. यूटीएफ–८ पद्धतीत आडव्या रेषेला तीन बाइट लागतात. ४३७ मानणारे कन्सोल त्यांची तीन स्वतंत्र अक्षरे करते, म्हणजे रेष बिघडतेच, शिवाय तिप्पट लांब होऊन पुढील सर्व मजकूर ढकलते.

विंडोज एनटी (१९९३) मध्ये ३२ बिटी आज्ञावल्यांना एस्केप संकेतांऐवजी स्वतंत्र कार्ये पुरविण्यात आली. परिणामी युनिक्ससाठी लिहिलेल्या आज्ञावल्या तेथे दीर्घकाळ विद्रूप दिसत राहिल्या. विंडोज १० मध्ये २०१५–१६ च्या सुमारास हे संकेत कन्सोललाच समजू लागले, पण त्यासाठी आज्ञावलीने तशी मागणी करावी लागते. त्यापूर्वीच्या विंडोज ७ सारख्या प्रणालींवर आज्ञावलीने प्रणालीची क्षमता आधी तपासून, ती नसल्यास रंग व रेषा सोडून देणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

देवनागरीच्या बाबतीत अडचण अधिक खोल आहे. ‘एक घर, एक अक्षर’ हे गृहीतच तिला लागू पडत नाही. ‘स्थिती’ या शब्दात युनिकोडचे सहा संकेत असतात, डोळ्यांना मात्र दोनच अक्षरे दिसतात. शिवाय ऱ्हस्व इकार संकेतक्रमात व्यंजनानंतर, पण दर्शनात त्याआधी येतो. आज्ञावलीने सहा घरे मोजली आणि टर्मिनलाने तीन किंवा चार वापरली, की नावांच्या यादीपुढील रकमांचा रकाना वाकडातिकडा होतो. विंडोजचे जुने कन्सोल प्रत्येक घरात एकच १६ बिटी संकेत ठेवी व अक्षरजुळणी करीत नसे, त्यामुळे मात्रा व हलन्त सुटे पडत. डॉसच्या काळात जिस्ट कार्डाने या प्रश्नाला यंत्रभागातून उत्तर दिले होते. आयआयटी, कानपूर येथे आरंभ झालेले हे तंत्र पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने (स्थापना १९८८) पुढे विकसित केले. अक्षरजुळणी कार्डच करीत असल्यामुळे मूळ आज्ञावलीत फेरफार न करता भारतीय लिप्या पटलावर उमटत.