बोर्ड चालला तरच फोटो

ऑगस्ट 2020च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाचं पाणी सुटलं आणि वैनगंगा नदी ब्रह्मपुरी, देसाईगंजकडच्या गावांत शिरली. जुलै 2022मध्ये सिरोंचा बुडालं. भामरागडला तर पर्लकोटा नदी पुलावर चढली की संपर्क तुटणं दर पावसाळ्याचंच. पंचनाम्यात घर, धान, जनावरं येतात. भिजलेल्या मोबाइलमध्ये काय होतं ते कुणी विचारत नाही. त्यात गेलेल्या आईचा फोटो असतो, ग्रामसभेचा तेंदूपानांचा हिशेब असतो, वनहक्काच्या दाव्यासाठी पायी फिरून टिपलेली जंगलाची हद्द असते.

धानाच्या मुलखात पहिला उपाय ठरलेला: फोन तांदळाच्या डब्यात. पण चिपच्या खाली बसलेला गाळ तांदूळ ओढत नाही. ॲपलनंही 2024मध्ये ग्राहकांना हे करू नका म्हणून सांगितलं. मुळात एकट्या पाण्यापेक्षा पाणी आणि बॅटरीची वीज मिळून जास्त घात करतात. गढूळ पाण्यातल्या क्षारांतून करंट वाहतो, तांबं झिजतं, हिरवट थर चढतो. ‘सुरू होतो का बघू’ म्हणून बटण दाबलं किंवा चार्जर लावला की उरलंसुरलंही जातं. रस्ता बंद असेल, तर दुरुस्तीसाठी आलापल्ली-आष्टीमार्गे चंद्रपूर गाठेपर्यंत आत गंज चढतच राहतो.

पूर्वी सेट डेड झाला तरी मेमरीची चिप काढून रीडरवर वाचता यायची. आता ती वाट बंद आहे. 2019च्या अँड्रॉइड 10पासून नव्या फोनांत एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा कुलूपबंद ठेवणं, सक्तीचं झालं. आयफोनमध्ये 2013च्या 5एसपासून या कुलपाच्या किल्ल्या सांभाळायला सिक्युअर एन्क्लेव्ह हा वेगळा सुरक्षित भाग आला. डेटा उघडणारी किल्ली प्रोसेसरच्या आतल्या गुपिताशी आणि मालकाच्या पिन-पॅटर्नशी बांधलेली असते. नुसती मेमरी वाचली तर हाती कचरा येतो. तोच प्रोसेसर आणि तीच मेमरी पुन्हा एकदा एकत्र चालली पाहिजेत. त्यामुळे डेटा काढण्याचं काम आज बोर्ड दुरुस्त करणाऱ्याच्याच हातात आहे, आणि या कारागिराला आपण ‘मोबाइलवाला’ म्हणून सोडून देतो याचं मला वाईट वाटतं.

तो आधी बॅटरी सोडवतो, चिपवरची पत्र्याची झाकणं उचलतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं बोर्ड धुतो. मग बोर्डला डीसी पॉवर सप्लाय जोडतो. बटण न दाबताच मीटर करंट दाखवू लागला, तर बोर्ड शॉर्ट आहे. शॉर्ट नेमका कुठे? बोर्डवर रोझिनचा धूर देतात, पांढरी साय धरते. शॉर्ट असलेल्या लाइनवर थोडा व्होल्टेज सोडला की दोषी कपॅसिटर तापतो आणि तेवढ्याच जागेची साय वितळते. मोहरीहून लहान असा तो तुकडा चिमट्यानं काढून टाकतात. तिथे तसेच आणखी कपॅसिटर जोडीला असल्यानं बोर्ड पुष्कळदा त्याच्याविनाच चालतो.

पॉवर आयसी किंवा बोर्डच गेला असेल तर काम जिवावरचं. सीपीयू आणि मेमरी हॉट एअरनं उचलायची, रिबॉल करायची म्हणजे खालचे सोल्डरचे मणी नव्यानं बसवायचे, आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बोर्डवर ती बसवायची. उष्णता जरा जास्त झाली की चिपसोबत किल्लीही गेली, कायमची.

एवढं करून स्क्रीन लागली तरी फोन पॅटर्न मागतो. रीस्टार्टनंतर बोटाचा ठसा चालत नाही. पॅटर्न घरात कुणालाच माहीत नसेल तर जिवंत बोर्डसुद्धा गप्प राहतो. माहीत असेल, तर चांगला कारागीर स्पीकर-कॅमेऱ्याच्या मागे लागत नाही. एकदा भिजलेल्या बोर्डचा भरवसा नसतो, म्हणून तो आधी केबल लावून फोटो आणि हिशेब दुसरीकडे उतरवून घेतो.