मढच्या जलाशयावर पहिली शिडाची होडी

कल्याणहून माळशेज घाट चढून जुन्नरच्या मुलखात प्रवेश करणाऱ्या प्रवाशास, ज्या गावाच्या नावाने महसुली दफ्तरात एक सबंध तर्फ ओळखली जाई त्या मढच्या आसमंतात, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी पसरलेला पिंपळगाव जोगे धरणाचा जलाशय दिसू लागतो. आणि या पाण्यावर आपली स्वतःची शिडाची होडी असावी, शिदोरी बांधून सकाळी निघावे, केवळ वाऱ्याच्या बळावर काठाकाठाने दिवसभर हिंडावे, अशी इच्छा कोणाच्या मनात उत्पन्न झाली तर ती सर्वथा स्तुत्य होय. दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून 2009-10 साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडे हाकण्याचे शिक्षण घेतात. परंतु सामान्य मराठी गृहस्थाने धरणाच्या पाण्याकडे नौकाविहाराच्या दृष्टीने अद्याप फारसे पाहिलेले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

होडी निवडण्यापूर्वी पाण्याचा स्वभाव पाहावा. परदेशी ग्रंथांत नवशिक्यास बहुधा छोटी खोली असलेली, पोटाखाली जड कणा बसवलेली नौका सुचवलेली असते. उत्तर अमेरिकेतील ज्या सुपीरियर सरोवराचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून अधिक आहे आणि जेथे रात्रीचा मुक्काम पाण्यावरच करावा लागतो, तेथे तो सल्ला रास्तच आहे. मढचे पाणी मात्र कुकडी प्रकल्पाचे, म्हणजे शेतीसाठी साठवलेले पाणी आहे. कालव्याची आवर्तने सुटू लागली की काठ मागे सरत जातो, आणि भाद्रपदात जेथे निर्धास्तपणे शीड उभारले, तेथेच चैत्रात चिखल, जुन्या शेतांचे बांध आणि झाडांचे बुंधे होडीच्या बुडाशी भिडू शकतात. म्हणून कायमचा खोल कणा असलेली नौका येथे, माझ्या मते, सर्वस्वी अयोग्य.

येथे हवी ती उघडी, हलकी, पंधरा-सोळा फूट लांबीची आणि मधली फळी वर ओढून घेता येईल अशी होडी. वाऱ्यास तिरपे जाताना होडी आडवी घसरू नये, म्हणून ही फळी पाण्यात सोडावयाची; उथळ जागी ती वर घेतली की वीतभर पाण्यातूनही होडी काठास लागते. इयान प्रॉक्टर यांनी 1957 साली आखलेली 'वेफेरर' ही 4.82 मीटर लांबीची होडी या जातीचा उत्तम नमुना होय. फ्रँक डाय यांनी एका सोबत्यासह अशाच होडीतून 1963 साली स्कॉटलंडहून आइसलंड गाठले. त्या साहसाचे अनुकरण कोणी करावे असे नव्हे. परंतु प्रवासाच्या होडीस खोली असलीच पाहिजे, हा समज त्याने निराधार ठरतो.

लांबीरुंदीहूनही महत्त्वाचा प्रश्न वाऱ्याचा आहे. डोंगरांनी वेढलेल्या जलाशयावर वारा एका दिशेने, एका वेगाने क्वचितच वाहतो. खिंडीतून तो अकस्मात झेपावतो, कड्याच्या आडोशाला पूर्ण पडतो, आणि वळिवाच्या दिवसांत तर स्वच्छ दुपारीही काही मिनिटांत वादळ उठते. 21 मे 2024 रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अशाच वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा बुडून मृत्यू झाला. ज्यास धरणाचे पाणी समुद्राच्या मानाने निरुपद्रवी वाटते, त्याने ही घटना विसरू नये. यासाठी, ज्या होडीचे मोठे शीड पाण्यावर असतानाच खालून गुंडाळून अर्धे करता येत नाही, ती कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. फळीच्या होडीस उलटल्यावर आपोआप सरळ करणारे वजन नसते. तिच्यातील हवाबंद पेट्या तिला तरंगती ठेवतात आणि माणसाने फळीवर भार देऊन तिला उभी करावी लागते. ही क्रिया काठाजवळ, शांत पाण्यात, जाणत्याच्या देखरेखीखाली वारंवार करून पाहावी, आणि तरंगजाकिटे प्रत्येकाने निघण्यापूर्वीच अंगावर चढवावी.

जुनी होडी घेण्यास हरकत नाही. किंबहुना पहिली होडी जुनीच असावी, कारण नवशिक्याच्या हातून तिला ओरखडे पडणारच. फायबरचे अंग बोटांनी ठोकून पाहावे, जेथे आवाज बद्द येईल तेथे आतले थर सुटले असण्याचा संभव असतो. डोलकाठी धरणाऱ्या तारांचे तुटके धागे आणि फळीच्या घरातून होणारी गळती नीट तपासावी. रंगाकडे पाहू नये.

पावसाळ्यात धुके दाटले असता, किंवा पाठोपाठ सरी येत असता, पाण्यावर जाणे वर्ज्य. त्या दिवसांत घाटमाथ्याजवळच्या या पाणथळीवर उतरणारे पक्षी काठावरूनच पाहावेत, आणि अन्य ऋतूंतही त्यांच्या थव्यांपासून होडी दूर ठेवावी. आणि होडी विकत घेण्याआधीच जलसंपदा खात्याच्या संबंधित कचेरीत चौकशी करावी, अर्ज द्यावा आणि लेखी परवानगी हाती आल्यावाचून एक पैसाही खर्च करू नये.