तोंडल्याचा नर वेल

तोंडल्याच्या मळ्यात नर वेल सहसा दिसत नाही. तोंडल्याची लागवड बियांपासून न करता मादी वेलाच्या फाट्यांपासून केली जाते आणि लागवडीतल्या वेलांवर परागीभवनावाचूनही फळ धरते, त्यामुळे शेतकऱ्याला नराची गरज भासत नाही. त्याच कुळातल्या करटोलीची गोष्ट मात्र अगदी उलट आहे. विदर्भात काटवल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पावसाळी रानभाजीच्या मळ्यात साधारणतः दर आठ-दहा मादी वेलांमागे एक नर वेल राखावा लागतो, कारण परागकण मिळाले नाहीत तर मादी फुले फळ न धरताच गळून पडतात.

काकडी, दुधी, भोपळा, कारले, दोडका, पडवळ, कलिंगड आणि खरबूज ही सारी या दोघांची भावंडे असून वनस्पतिशास्त्रात त्यांच्या कुळाला कर्कटी कुल किंवा कुकर्बिटेसी असे म्हणतात. बहुतेक सपुष्प वनस्पतींच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र नांदतात, जसे जास्वंदीत किंवा वांग्याच्या फुलात. कर्कटी कुलात मात्र नर आणि मादी फुले बहुधा वेगवेगळी असतात. दुधी वा काकडीसारख्या जातींत ही दोन्ही फुले एकाच वेलावर येतात आणि मादी फूल त्याच्या पाकळ्यांखाली दिसणाऱ्या इवल्याशा फळावरून, म्हणजे अंडाशयावरून, सहज ओळखता येते. नुसत्या देठावर उमलणाऱ्या नर फुलांना परसबागेत ‘वांझ’ म्हणून हिणवले जाते, हा त्यांच्यावर अन्यायच होय. या कुळातल्या सुमारे एक हजार जातींपैकी जवळजवळ निम्म्या जातींनी आणखी एक पाऊल पुढे टाकलेले असून त्यांच्यात नर वेल आणि मादी वेलच स्वतंत्र असतात. एवढे वैविध्य एकाच कुळात सापडत असल्यामुळे वनस्पतींमध्ये लिंग कसे ठरते, या प्रश्नाचा शोध घेणारे संशोधक गेले शतकभर पुन्हा पुन्हा याच वेलांकडे वळत आले आहेत.

या शोधाची सुरुवात युरोपात झाली. मेंडेलच्या विस्मृतीत गेलेल्या नियमांचा 1900 मध्ये पुन्हा शोध लावणाऱ्यांपैकी एक असलेले जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी ब्रायोनिया या रानवेलाच्या दोन जातींचा संकर केला, ज्यांपैकी एका जातीत नर-मादी वेल वेगळे असतात, तर दुसरीत दोन्ही फुले एकाच वेलावर येतात. पहिल्या जातीच्या मादी वेलावर दुसरीचे पराग टाकले असता बहुतेक सारी संतती मादी निपजली; उलट, पहिल्या जातीच्या नराचे पराग दुसरीवर टाकले असता निम्मे वेल नर आणि निम्मे मादी निघाले. यावरून नर वेल दोन प्रकारचे परागकण बनवतो आणि संततीचे लिंग त्यांतूनच ठरते, असा निष्कर्ष त्यांनी 1907 मध्ये मांडला. ब्रायोनियात लिंग ठरवणारी गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी ओळखू येत नाहीत, त्यामुळे हे सारे त्यांना केवळ संततीच्या गणतीवरून ताडावे लागले.

जे ब्रायोनियात दिसत नाही ते तोंडल्यात ठसठशीत दिसते. संस्कृत कवींनी ओठांना ज्याची उपमा दिली ते बिंबफळ म्हणजे हेच पिकून लाल झालेले तोंडले. या वेलाच्या पेशीत 24 गुणसूत्रे असतात, त्यांपैकी 22 दोन्ही लिंगांत सारखीच असतात. उरलेल्या दोनांची जोडी मादीत एक्स-एक्स अशी, तर नरात एक्स-वाय अशी असते. एल. एस. एस. कुमार आणि जी. बी. देवडीकर यांनी तोंडल्याच्या लिंगगुणसूत्रांविषयीचे आपले टिपण 1940 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केले. देवडीकर हे पुढे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संचालक झाले. कुमार यांनी याच विषयावर एका सहकाऱ्यासह लिहिलेला आणखी एक लेख 1952 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. गुणसूत्रांचे जादा संच असलेल्या वेलांच्या अशा अभ्यासांतून हे स्पष्ट झाले की, एक्स कितीही असोत, एक वाय असला की वेल नर होतो. मानवातही वाय हेच गुणसूत्र निर्णायक असते, हे त्याच दशकाच्या अखेरीस, 1959 मध्ये, सिद्ध झाले.

मानवाचे वाय गुणसूत्र एक्सच्या तुलनेत खुरटलेले असते. तोंडल्याचे वाय मात्र इतर सर्व गुणसूत्रांपेक्षा कितीतरी मोठे असते, इतके की नर वेलाच्या पेशीतील एकूण डीएनए मादीच्या पेशीपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी अधिक भरतो. हा फुगवटा नव्या जनुकांचा नसून मुख्यतः त्याच त्या डीएनए-क्रमांच्या पुनरावृत्तीचा आहे, असे सुझान रेनर यांच्या म्युनिकमधील गटाने केलेल्या अभ्यासातून दिसते. लिंगगुणसूत्र वयोमानानुसार झिजण्याआधी सुजते, असे म्हणण्याजोगी ही अवस्था आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी तोंडल्याच्या एका दुर्मिळ तिसऱ्या रूपाचाही अभ्यास केला, ज्याच्यात वाय गुणसूत्र नसूनही काही फुले द्विलिंगी असतात. मादी वेलावर सिल्व्हर नायट्रेट फवारले तरी तशीच फुले येतात. दोन्ही ठिकाणी पुंकेसर तयार होतात, पण त्यांतले पराग निष्फळ ठरतात. म्हणजे पुंकेसर घडवण्याची क्षमता मादीतही दडलेली असते, सुफळ परागासाठी मात्र वायची साथ लागत असावी.

सिल्व्हर नायट्रेटमधली चांदी इथिलीनचा परिणाम रोखते. केळी पिकवणारा हाच वायू वनस्पतींचे संप्रेरकही आहे, आणि फ्रान्समधील अब्देलहाफिद बेंदाहमान यांच्या गटाने 2008 ते 2015 या काळात खरबुजावर केलेल्या संशोधनातून त्याची भूमिका जनुकांच्या पातळीवर उलगडली. खरबुजाची प्रत्येक कळी आरंभी द्विलिंगीच असते. त्यानंतर इथिलीन बनवणाऱ्या विकराचे एक जनुक जागे झाले, तर स्त्रीकेसर रोखून धरणारे दुसरे जनुक गप्प बसते आणि अंडाशय वाढू लागते; मग इथिलीनशीच संबंधित असलेले तिसरे जनुक पुंकेसरांची वाढ थांबवते आणि फूल मादी होते. पहिले जनुक जागे झालेच नाही, तर फूल नर होते. ही साखळी नेमकी कुठे तुटते यावर वेलावर केवळ मादी फुले येणार, केवळ नर येणार की नर आणि द्विलिंगी अशी मिश्र येणार, हे अवलंबून असते.

शेतात या ज्ञानाचा वापर त्याचे स्पष्टीकरण हाती येण्याच्या कितीतरी आधीपासून होत आला आहे. काकडीचा वेल दोन-चार पानांवर असताना शेतकरी इथ्रेल फवारतात, ज्यातून इथिलीन बाहेर पडून मादी फुलांची संख्या वाढते. उलट, केवळ मादी फुले देणाऱ्या काकडीच्या वाणाचे बियाणे टिकवायचे असेल, तर बीजोत्पादक त्यावर सिल्व्हर नायट्रेट फवारून तात्पुरती नर फुले आणवतात.

करटोलीपुढे मात्र हे उपाय फारसे कामाचे नाहीत. तिच्यात लिंग वेलासोबतच ठरून येते, पण तोंडल्यासारखे उठून दिसणारे वाय गुणसूत्र तिच्यात नाही, आणि बियांपासून उगवलेल्या रोपांत नर-मादी जवळपास सारखेच निघत असले तरी पहिले फूल येईपर्यंत कोणते रोप कोणते, हे नुसते पाहून सांगता येत नाही. त्यामुळे करटोलीची लागवड करणारा शेतकरी आदल्या हंगामात फुलावर असतानाच वेलांवर खुणा करून ठेवतो, वेल वाळल्यावर जमिनीत राहिलेले कंद नर आणि मादी असे वेगवेगळे खणून काढतो आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर ते मोजून लावतो.